सैनिकाचे पत्र आणि घरचा हिशेब

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस चिपळूणकडचा माझा एक माजी विद्यार्थी पत्र्याची एक जुनी पेटी घेऊन घरी आला. वडिलोपार्जित घर दुरुस्तीसाठी उतरविताना ती माळ्यावर सापडली होती. त्याचे पणजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून प्रथम इजिप्तमध्ये व नंतर इटलीत होते, एवढेच घरातल्यांना ठाऊक होते. पेटीत त्यांनी घरी धाडलेली अकरा पत्रे होती आणि सुतळीने बांधलेला मनीऑर्डरच्या कागदांचा एक गठ्ठा होता. "सर, यात लढाईविषयी काहीच नाही," तो काहीशा निराशेने म्हणाला. "सगळे पैशाचे आणि भाताचे आहे. आणि पणजीला लिहिलेले तर एकही पत्र नाही."

त्याची निराशा समजण्यासारखी होती. सैनिकाने परमुलखातून पत्नीला लिहिलेले पत्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. खंदकातील मिणमिणता दिवा, मांडीवर कागद आणि मनात घरची ओढ. हे चित्र खोटे नाही. परंतु ते प्रामुख्याने युरोपातील आहे. तेथे लिहिणारा साक्षर होता, वाचणारीही साक्षर होती आणि पत्नीला तिच्या नावाने पत्र धाडण्यात कोणाला संकोच वाटत नव्हता. आपल्याकडच्या शिपायाचे पत्र फार वेगळ्या वाटेने घरी पोहोचत असे. ते नीट वाचावयाचे तर थोडे अर्थशास्त्र जाणले पाहिजे, असे मी म्हणालो तेव्हा त्या विद्यार्थ्याला ती मास्तरी थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती, हे सांगण्यासाठी हा लेख.

चार जणांच्या हातून

अकराही पत्रे वडिलांच्या नावे आहेत. 'तीर्थरूप बाबांचे सेवेसी' अशी सुरुवात, शिरसाष्टांग नमस्कार, इकडील सर्व क्षेम असल्याची ग्वाही आणि मग विनंती विशेष. पत्नीचा उल्लेख शेवटच्या ओळीत 'घरात सर्वांस यथायोग्य' या शब्दांत येतो. यात प्रेमाचा अभाव पाहणे चूक ठरेल. त्या काळच्या कोकणी कुणबी-मराठा घरात नवरा बायकोचे नाव चारचौघांत घेत नसे, बायको तर नवऱ्याचे नाव कधीच घेत नसे, आणि पत्र ही चारचौघांतच उघडावयाची वस्तू होती.

ते चौघे कोण, हे पाहण्यासारखे आहे. पहिला लेखनिक. अक्षरांवरून पाहता या अकरा पत्रांचे लेखनिक निदान तीन असावेत. पलटणीतला जो सोबती लिहिता असे, तो इतरांचीही पत्रे लिहून देई. दुसरा सेन्सॉर. आपण कोठे आहोत, कोणत्या नदीच्या काठी आहोत, किती माणसे पडली, यातले काहीही लिहिण्याची मुभा नव्हती. पत्त्यात गावाचे नाव नसे; शिपायाचा क्रमांक, पलटण आणि फील्ड पोस्ट ऑफिसचा आकडा एवढेच असे. तिसरा वाचक, म्हणजे गावातला शाळामास्तर किंवा टपाल घेऊन येणारा पोस्टमन. आणि चौथे सासरे. ते ओटीवर बसून ऐकत आणि सून दाराआडून ऐके. १९३१ च्या जनगणनेनुसार हिंदुस्थानात शंभर स्त्रियांपैकी तिघीही साक्षर नव्हत्या. पत्र थेट बायकोच्या हाती पडून तिने ते एकटीने वाचावे, ही गोष्ट बहुसंख्य शिपायांच्या बाबतीत संभवतच नव्हती.

म्हणजे या पत्रांवर दोन पहारे होते, एक सरकारचा आणि दुसरा घराचा. पहिल्याचा अभ्यास पुष्कळ झाला आहे. पहिल्या महायुद्धात १९१४ साली हिंदी फौजा फ्रान्समध्ये उतरल्या, तेव्हा त्यांच्या टपालासाठी स्वतंत्र सेन्सॉर कचेरी उघडण्यात आली. एव्हलिन हॉवेल हे मुलकी सेवेतील अधिकारी तिचे प्रमुख होते. मार्च १९१५ च्या सुमारास फ्रान्समधील हिंदी सैनिक आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रे लिहीत होते. ती सगळी वाचणे अशक्य होते. म्हणून निवडक पत्रांचे इंग्रजी उतारे काढून अहवाल तयार होत. सैनिकही कमी चतुर नव्हते. हिंदी शिपायांना काळी मिरी आणि गोऱ्यांना लाल मिरची म्हणून कोणते पीक किती उरले, हे ते घरी कळवीत. ही सांकेतिक भाषा सेन्सॉरला लवकरच उमगली होती. मूळ पत्रे बहुतेक नाहीशी झाली. पहारेकऱ्याने केलेले उतारे मात्र लंडनच्या दप्तरखान्यात राहिले. डेव्हिड ओमिसी यांनी १९९९ मध्ये त्यांतील निवडक पत्रांचा संग्रह प्रसिद्ध केला, तेव्हा या सैनिकांचे शब्द प्रथमच मोठ्या वाचकवर्गापुढे आले.

त्या संग्रहात पंजाब आणि सरहद्द प्रांतातील सैनिकांची पत्रे बहुसंख्य आहेत. मराठा पलटणींचा मोठा भाग तेव्हा मेसोपोटेमियात होता. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात कूट येथे वेढ्यात अडकून अखेर शरण गेलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये तीन मराठा पलटणी होत्या. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात अनेक गावांतून त्या युद्धाच्या स्मरणार्थ बसविलेल्या संगमरवरी पाट्या आजही आहेत. या गावातून इतके पुरुष महायुद्धावर गेले, पैकी इतके परत आले नाहीत, असा त्यांवर हिशेब असतो. गेलेल्यांच्या मागे किती स्त्रियांनी ती वर्षे काढली, हा आकडा कोठेच नाही. घरच्या पहाऱ्याचा इतिहास सरकारने लिहिला नाही, आणि आपणही लिहिला नाही.

पैशाची भाषा

आता विद्यार्थ्याच्या तक्रारीकडे वळू. 'सगळे पैशाचेच आहे' हे त्याचे म्हणणे खरे आहे. या महिन्यात बारा रुपये धाडले, पोहोचल्याचे कळवावे. वाण्याचे जुने देणे आधी फेडावे. पाड्याला विकू नये, औताला उपयोगी पडेल. खोताचा हिस्सा मोजून द्यावा व साक्षीदार ठेवावा. तांदूळ मिळत नसल्यास नाचणीवर भागवावे, पण पोराला भात द्यावा. कापड महाग आहे असे समजले. दिवाळीला लुगडे घ्यावयास वेगळे तीन रुपये धाडीत आहे.

मी त्या विद्यार्थ्याला शेवटचे वाक्य पुन्हा वाचावयास सांगितले. लुगडे कोणासाठी, हे पत्रात लिहिलेले नाही. घरात लुगडे नेसणाऱ्या दोन बायका होत्या, आई आणि पत्नी. पण आईचे नाव पुढच्याच ओळीत वेगळे येते. तिच्या खोकल्यासाठी औषध आणावयास सांगितले आहे. मग ते लुगडे कोणाचे, हे दाराआडून ऐकणारीला कळले असणारच. ज्या माणसाला दोन पहाऱ्यांतून बायकोशी बोलावयाचे होते, त्याच्यापाशी पैसा हीच एक भाषा मोकळी होती. पैशाविषयी लिहिण्यास सेन्सॉरची हरकत नव्हती आणि वडिलांनाही त्यात काही गैर वाटत नव्हते.

नेमकी हीच भाषा त्या वर्षांत पोकळ होत चालली होती. या विषयाचा खरा गाभा तोच आहे, आणि त्यासाठी इटलीतील रणांगणाकडून काही काळ रिझर्व्ह बँकेच्या हिशेबाकडे वळले पाहिजे.

नोव्हेंबर १९३९ मध्ये ब्रिटिश सरकार व हिंदुस्थान सरकार यांच्यात युद्धखर्चाच्या वाटणीविषयी करार झाला. हिंदुस्थानच्या प्रत्यक्ष संरक्षणाचा खर्च हिंदुस्थानने सोसावा, परदेशी लढणाऱ्या फौजांबद्दल एक कोटी रुपयांची ठोक रक्कम द्यावी आणि बाकीचा भार ब्रिटनने उचलावा, असे त्याचे स्थूल स्वरूप होते. वरवर पाहता हा करार हिंदुस्थानला अनुकूल होता. परंतु ब्रिटन आपला वाटा रुपयांत देत नव्हते, मालाच्या रूपानेही देत नव्हते. तो पौंडांत, लंडनमध्ये, रिझर्व्ह बँकेच्या नावावर जमा होई. त्या स्टर्लिंग रोख्यांच्या आधारावर रिझर्व्ह बँक येथे नोटा काढी, आणि त्या नोटांतून शिपायांचे घरभत्ते, ठेकेदारांची बिले आणि लष्करासाठी खरेदी केलेल्या धान्याची व कापडाची किंमत भागविली जाई.

परिणाम उघड होता. युद्धाच्या आरंभी चलनात असलेल्या नोटांची रक्कम दोनशे कोटी रुपयांच्या आत होती. १९४५ मध्ये ती अकराशे कोटींच्या पुढे गेली. बाजारातला माल मात्र वाढला नाही, उलट घटला. ऑगस्ट १९३९ ची पातळी १०० धरली तर १९४३-४४ मध्ये घाऊक किमती सव्वादोनपटींहून अधिक झाल्या होत्या. चांदीचे रुपये लोकांनी दडवून ठेवले, म्हणून १९४० मध्ये एक रुपयाची नोट काढावी लागली. धातू वाचविण्यासाठी १९४३ मध्ये भोकाचा पैसा आला. मुंबई विद्यापीठाचे प्रा. सी. एन. वकील यांनी घसरत्या रुपयावर १९४३ मध्ये पुस्तक लिहून सरकारच्या धोरणावर कडक टीका केली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत प्रा. धनंजयराव गाडगीळ व त्यांचे सहकारी युद्धकाळातच परिणामकारक नियंत्रणांचा व शिधावाटपाचा आग्रह धरीत होते.

चलनवाढ हा एक प्रकारचा करच असतो, असे आम्ही वर्गात शिकवितो. विधिमंडळाची संमती न घेता बसविता येणारा आणि पावती न देता वसूल होणारा असा तो कर आहे. ज्यांचे उत्पन्न रुपयांत ठरलेले असते, त्यांच्यावर तो सर्वांत जड पडतो. याचे उदाहरण म्हणून आम्ही पेन्शनर आणि कारकून यांची नावे सांगतो. यापुढे मी शिपायाच्या बायकोचे उदाहरण देणार आहे. तिचा नवरा ज्या युद्धात लढत होता त्याच युद्धाचा खर्च भागविण्यासाठी नोटा छापल्या जात होत्या. त्यांतल्याच काही नोटा पोस्टमन तिच्या दारी आणीत होता. आणि अशा नोटा वाढल्यामुळेच तिच्या हातातल्या नोटेला तांदूळ कमी मिळत होता.

रंगूनचा तांदूळ

रत्नागिरी जिल्ह्यात ही झळ दुहेरी होती. हा जिल्हा स्वतःच्या भातावर वर्षभर जगणारा कधीच नव्हता. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी-वरी पिकवावी, खोताचा हिस्सा द्यावा आणि उरलेले महिने मुंबईच्या गिरणीतून किंवा पलटणीतून येणाऱ्या मनीऑर्डरीवर काढावे, अशी येथली रीत होती. युद्धापूर्वी ब्रह्मदेशातून हिंदुस्थानात दरसाल दहा लाख टनांहून अधिक तांदूळ येत असे. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि ही आयात थांबली. कोकणच्या बंदरांत उतरणारा रंगूनचा तांदूळ दिसेनासा झाला. ब्रह्मदेशातून येणारे घासलेटही आटले. संध्याकाळी आलेले पत्र दुसऱ्या दिवशीच्या उजेडात वाचावे लागे, असे पेटीतल्या मंडळींच्या नातवाने, म्हणजे माझ्या विद्यार्थ्याच्या आजोबांनी, लहानपणी घरात ऐकले होते.

हे दुःख एकट्या कोकणाचे नव्हते. मध्यपूर्वेतील हिंदी सैनिकांच्या टपालावर १९४३ च्या सुमारास सेन्सॉरने जे गोषवारे काढले, त्यांत घरच्या धान्यटंचाईची आणि महागाईची चिंता पुनःपुन्हा येते. बंगालमधील सैनिकांच्या घरी तर त्या वर्षी दुष्काळाने हाहाकार केला होता. वाळवंटात किंवा इटलीच्या चिखलात शिपायाला पोटभर शिधा मिळत होता, आणि ज्यांच्या पोटासाठी तो पलटणीत गेला होता ती माणसे घरी अर्धपोटी होती. या विसंगतीची त्याला जाणीव नव्हती असे मानण्याचे कारण नाही. पोराला भात द्यावा, हे त्या पत्रातले वाक्य त्या जाणिवेतूनच आले आहे.

दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. महागाईने सर्वांचेच नुकसान झाले असे नाही. ज्याच्यापाशी विकावयास धान्य होते त्याचे फावले. जुन्या कर्जाचे ओझेही हलके झाले. कारण कर्ज जुन्या रुपयांत होते आणि फेड नव्या, स्वस्त रुपयांत होती. लष्करी पगारावर अनेक घरांनी गहाण जमिनी सोडविल्या, कौले घातली, मुले शाळेत घातली. या पेटीतही वाण्याचे देणे १९४४ च्या अखेरीस फिटल्याचा उल्लेख आहे. मात्र कर्ज फिटले ते तीन पावसाळे अर्धे पोट मारून, हेही त्याच हिशेबात धरावयास हवे.

कोणाचे देणे कोणी फेडले?

इटलीतील मोहिमेत सुमारे ५,८०० हिंदी सैनिक कामी आले. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांनी एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चाल करून ते घेतले आणि तेथेच शत्रूच्या गोळ्यांनी त्यांना मरण आले. ते बावीस वर्षांचे होते. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे आणि २०२३ मध्ये इटलीतील मोंतोने गावीही त्यांचे स्मारक झाले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर नामदेव जाधव यांनी तोच बहुमान जिवंतपणी मिळविला. शौर्याची ही नोंद योग्यच आहे. पण ज्यांनी कोणतेही ठाणे घेतले नाही, चार वर्षे हुकूम पाळला, पगार घरी धाडला आणि युद्ध संपल्यावर घरी परतले, अशा हजारोंची नोंद कोठे आहे?

युद्ध संपताच वाढविलेली फौज कमी करण्यात आली. पेन्शनसाठी लागणारी सेवेची वर्षे पूर्ण न झाल्यामुळे बहुसंख्य शिपायांना निवृत्तिवेतन मिळाले नाही. दुसऱ्या महायुद्धातील अशा सैनिकांना व त्यांच्या विधवांना राज्य शासनाने मासिक मदत सुरू केली ती पुढच्या काळात. इकडे लंडनमध्ये साठलेली स्टर्लिंगची शिल्लक १९४६ पर्यंत सतराशे कोटी रुपयांच्या घरात गेली होती. ती कमी करून घ्यावी, असा सूर ब्रिटनमध्ये निघाला आणि हिंदुस्थानने त्यास ठाम विरोध केला. पुढे १९४७ व १९४८ च्या करारांनी ती टप्प्याटप्प्याने मोकळी झाली आणि त्यातून धान्य, यंत्रसामग्री व इतर आयात भागली. देशाचे देणे अशा रीतीने बहुतांशी वसूल झाले. परंतु ते देणे साठले कशातून? देशातल्या माणसांनी कमी खाल्ले, कमी नेसले, म्हणून जो माल व जे श्रम युद्धाला मिळाले, त्यांचीच ती किंमत होती. सक्तीची बचत असे तिचे शास्त्रीय नाव आहे. ती बचत कोणाच्या घरातून किती निघाली हे कोणी मोजले नाही, त्यामुळे ती परत कोणाला द्यावयाची हा प्रश्नही निघाला नाही. चिपळूणकडच्या त्या घरातील बाईने तीन वर्षे नाचणीवर काढली, ती देशाला दिलेल्या कर्जाची रक्कम होती, असे तिला कोणी सांगितले नाही.

पोचपावती

त्या सुतळीच्या गठ्ठ्याविषयी सांगावयाचे राहिले. मनीऑर्डरच्या फॉर्मला दोन उपयोगी तुकडे असत. एक कूपन, ते पैसे घेणाऱ्याकडे राही. दुसरी पोचपावती, तिच्यावर पैसे घेणाऱ्याची सही किंवा साक्षीदारासमक्ष अंगठा होई आणि ती पाठविणाऱ्याकडे परत जाई. विद्यार्थ्याने सगळे कागद कूपने समजून एकत्र ठेवले होते. ते वेगळे करीत गेलो तेव्हा लक्षात आले की १९४४ च्या उन्हाळ्यापर्यंतच्या मनीऑर्डरी वडिलांच्या नावे आहेत आणि त्यानंतरच्या पत्नीच्या नावे. त्या सुमाराच्या पत्रात वडिलांना अतिशय अदबीने लिहिले आहे की आपले वय झाले, पैशाचा त्रास आपणास नको, यापुढे तो व्यवहार घरात सोपवावा. 'घरात' म्हणजे कोणाकडे, हे येथेही लिहिलेले नाही. पण घरातील कारभार एका हातातून दुसऱ्या हातात गेला आहे आणि तो नेणाऱ्याने हजारो मैलांवरून पुरेपूर विचार करून नेला आहे. वाण्याचे देणे फिटले ते त्यानंतरच.

त्या काळातल्या नऊ पोचपावत्या गठ्ठ्यात आहेत. प्रत्येकीवर एका स्त्रीच्या अंगठ्याचा ठसा आहे. काही स्वच्छ, काही शाई फासटलेले. पावत्यांवर घडीच्या खुणा आहेत आणि दोन पाण्याने भिजून वाळलेल्या आहेत. त्या पाठविणाऱ्याकडे, म्हणजे इटलीत, पोहोचल्या होत्या आणि तेथून त्याच्याबरोबर परत आल्या होत्या. लष्करी सामानातून माणूस मोजक्याच वस्तू घरी आणू शकतो. त्याने या आणल्या.

पणजीला लिहिलेले एकही पत्र नाही, असे तो विद्यार्थी म्हणाला होता. मी त्या नऊ पावत्या त्याच्यापुढे मांडल्या. पैसे पोहोचले, घर चालू आहे, मी आहे, एवढे तिने दर महिन्याला कळविले होते, आणि त्यासाठी तिला लेखनिकाची, मास्तरची वा सासऱ्यांची गरज पडली नव्हती. अंगठ्यात काय लिहिले आहे, हे सेन्सॉरलाही वाचता आले नसते.

कोकणात आणि घाटावर अशा पेट्या अजून असतील. घरे उतरविली जात आहेत, मुले शहरात आहेत, आणि 'त्यात काही नाही, सगळे पैशाचे कागद आहेत' असे म्हणून ते कागद रद्दीत जात आहेत. गावोगावच्या महाविद्यालयांतील इतिहासाच्या आणि अर्थशास्त्राच्या विभागांनी मनावर घेतले तर निदान त्यांची छायाचित्रे काढून ठेवता येतील. त्यासाठी फार मोठ्या अनुदानाची गरज नाही. मी त्या विद्यार्थ्याला पेटी परत दिली ती एका अटीवर. कूपने आणि पोचपावत्या वेगळ्या बांधून ठेवावयाच्या, आणि पणजोबांची पत्रे कोठे आहेत असे कोणी विचारले तर आधी पणजीचे कागद दाखवावयाचे.